चुंबकाची दाढी

माणसं घराबाहेर पडताना चष्मा विसरतात, किल्ली विसरतात. चुंबकराव चुंबक कधी विसरले नाहीत. एका फुटक्या लाउडस्पीकरच्या पोटातून निघालेला, काळा, वाटोळा, मधे भोक असलेला तो चुंबक नाडीत ओवून त्यांच्या गळ्यात असायचा आणि सदऱ्याच्या खिशात झोपायचा. भंगाराच्या धंद्यात त्यांचा जन्म गेला. गोदामाच्या दारात माल आला की विकणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता ते आधी चुंबक लावायचे. चिकटलं ते लोखंड, ते डावीकडच्या ढिगात. नाही चिकटलं ते भारी, ते उजवीकडे कुलपात. विकणारा शपथा घेतोय, पोराबाळांची नावं घेतोय, यांचं लक्षच नाही. "माणूस बोलतो, हा बोलत नाही. म्हणून मी याचंच ऐकतो," असं म्हणून ते चुंबकाला दोन बोटांनी थोपटायचे.

त्या चुंबकाला कायम दाढी असायची. दिवसभर लोखंडात तोंड घातल्यावर दुसरं काय होणार? कापलेल्या पाइपांचा, घासलेल्या सळयांचा बारीक कीस त्याच्या अंगावर ताठ उभा असायचा. बाजारात लोक म्हणायचे, शेठ गुळगुळीत आणि चुंबक दाढीवाला. चुंबकराव स्वतःची दाढी रोज नेमाने करायचे, चुंबकाची त्यांनी कधी केली नाही.

धंद्यात हे ठीक होतं हो. पण हा माणूस घरातही तसाच. नवा चमचा आला, लाव चुंबक. दाराची कडी बदलली, लाव चुंबक. मुलाच्या लग्नात आलेली भांडी पाहुणे जायच्या आत एका खोलीत मांडून त्यांनी एकेकाला चुंबक लावला, आणि सुनेच्या मावशीने दिलेलं पातेलं चिकटलं तेव्हा "अच्छा!" असं इतक्या मोठ्याने म्हणाले, की बाहेर मावशीच्या हातातला पेला हिंदकळला. कुणाची चोरी पकडल्याचा आनंद त्यांच्या त्या एका शब्दात मावायचा.

सूनबाईने त्याच दिवशी कानाला खडा लावला. तिच्या बॅगेत, कपड्यांच्या घड्यांत, स्टीलचा एक डबा होता. तिचा धाकटा भाऊ वर्कशॉपमध्ये शिकाऊ असताना त्याने स्वतः पत्रा कापून, वळवून, जोडून केलेला पहिला डबा. सांधा जरा तिरका होता आणि झाकण एका ठरावीक बाजूनेच बसायचं. तो डबा तिने सासऱ्यांच्या चुंबकापुढे येऊच दिला नाही. पुढे स्वयंपाकघर तिच्या हाती आलं तेव्हा डबा ओट्यावर नळाच्या शेजारी आला आणि त्यात साखर राहू लागली. बायको गेल्यापासून चुंबकराव स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसत. तिथे त्यांना गलबलून यायचं, पण ते "मला धुराचा त्रास होतो" म्हणायचे. काही असो, डबा वाचला.

शिकाऊ भावाचं पुढे स्वतःचं वर्कशॉप झालं. छोटंसं, पण स्वतःचं. स्टीलच्या टाक्या करायचा. त्यालाही एक खोड होतीच. कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी उलटी करून बूड बघायचा. "वरून सगळेच चमकवतात, ताई. काम बुडाला कळतं." पाहुण्यांकडे गेला तरी कप उलटा करायचा. एकदा भरलेला केला होता.

तर झालं असं, की मागच्या अंगणातली लोखंडी टाकी गेली. नळाला लाल पाणी यायला लागलं, पांढरे कपडे तपकिरी व्हायला लागले. चुंबकरावांनी टाकीच्या बुडातून गंजाचे पापुद्रे काढून तळहातावर चुरडले आणि वर चुंबक धरला. लाल भुगा हलला नाही. "बघ," ते सुनेला म्हणाले, "लोखंड जिवंत असेतो माझ्याकडे झेपावतं. गंजून लाल झालं की ओळखसुद्धा दाखवत नाही." एखाद्या दुरावलेल्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं ते बोलले आणि हात झटकून आत गेले.

नवी टाकी भावाने केली. ताईच्या घरची म्हणून त्याने जीव ओतला होता. अंगणात भिंतीला पाठ लावून ती उभी केली तेव्हा उन्हात तिच्याकडे बघवेना, इतकी लखलखीत. मागच्या बाजूला जेमतेम पंजा शिरेल एवढी फट राहिली. जायच्या आधी त्याने बहिणीला बजावलं, "हिला लोखंडी घासणी लावू नकोस बरं का. घासणीचा कण जरी अंगाला राहिला तरी तो कण गंजतो, आणि नाव माझ्या टाकीचं खराब होतं. मऊ फडकं, बास."

त्या टाकीवर त्याचं सगळं टांगलेलं होतं. गावाबाहेरच्या डेअरीला दुधाच्या नव्या टाक्या करून हव्या होत्या आणि तिथल्या मॅनेजरबाईंनी निवडलेल्या दोघांत भाऊ एक होता. बाई म्हणाल्या होत्या, "बसवलेलं, वापरात असलेलं काम दाखवा." भावाने पत्ता सांगितल्यावर त्या खूश झाल्या. "चुंबकरावांच्या घरात? मग त्यांनी मान हलवली की मला दुसरं काही विचारायचं नाही." धातूच्या बाजारात चुंबकरावांच्या शब्दाला असं वजन होतं. डेअरीचं काम मिळालं तर वर्कशॉप तरणार होतं. नाही मिळालं तर शटर ओढून भावाला पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली वेल्डिंग करावं लागणार होतं, आणि हे त्याच्या बहिणीला पक्कं माहीत होतं.

टाकी बसली त्याच संध्याकाळी चुंबकराव अंगणात आले. भाऊ अजून हत्यारं आवरत होता. त्यांनी सपाट पत्र्याला चुंबक लावला. तो सुटून नाडीला लोंबला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. शेठ जरा खट्टू झाल्यासारखे वाटले. मग त्यांनी तो कडेला नेला, जिथे पत्रा वाकवून मुरड घातली होती. तिथे चुंबक थबकला. चिकटला असं नाही म्हणता येणार, पण निघतो निघतो म्हणत दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा रेंगाळला.

"अच्छा!" चुंबकराव म्हणाले.

भावाने मान वर केली. "काय झालं, काका?"

"ही कड काय म्हणतेय बघ."

"हां, ते होय. स्टील वाकवलं ना, की त्या जागी थोडं धरतं. सगळीकडेच धरतं. पत्रा चांगला आहे."

"म्हणजे सरळ असेतो खरा, आणि वाकवला की पलटी मारतो?"

"पलटी नाही हो. आतली ठेवण जरा बदलते त्याची."

"माझा जन्म गेला पत्र्यात. तू मला ठेवण शिकवतोस?"

भाऊ हसला. इथे तो चुकला. चुंबकरावांना शिव्या दिलेल्या चालायच्या, भाव पाडलेला चालायचा, पण हसलेलं चालायचं नाही.

"मी सांगतो काय आहे ते," ते म्हणाले. "दिसतो तिथे चांगला पत्रा, कडेकोपऱ्याला कसलाही. बहिणीचं घर आहे, कोण बघतंय!"

"काका, हे दुसरं कुणी बोललं असतं ना..."

"तर? काय केलं असतंस?"

भावाने पिशवी खांद्याला लावली आणि बहिणीकडे न बघता निघून गेला. सूनबाईचा नवरा हे सगळं खिडकीतून ऐकत होता. तो म्हणाला, "मी कुणाच्या मधे पडत नाही." त्याचा सगळा जन्म मधे न पडण्यात गेला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

दुसऱ्या दिवसापासून चुंबकरावांचा नेमच झाला. संध्याकाळी गोदामातून आले की हातपाय धुवायच्या आधी अंगणात जायचं आणि टाकी तपासायची. कडेने, सांध्यावरून, कोपऱ्यांतून चुंबक दाबत, फिरवत, घासत न्यायचा. मधेच सपाट अंगालाही एकदा टेकवून बघायचा, न जाणो चुकून काही सापडलं तर. डॉक्टर रोग्याला तपासतो तो रोगी बरा असावा म्हणून. हे तपासत होते ते रोग सापडावा म्हणून.

आणि रोग सापडला की हो! टाकीच्या कडांना तपकिरी ठिपके दिसायला लागले. आधी धुळीसारखे, मग दाट, मग एकमेकांत मिसळलेले. सांध्याखालून बारीक ओघळ आले. चुंबकरावांनी नखाने एक ठिपका खरवडला आणि भुगा सुनेच्या नाकासमोर धरला.

"काय आहे हे?"

"गंज," सूनबाई म्हणाली. खोटं कसं बोलणार?

"स्टीलला गंज. आधी चुंबकाने सांगितलं, तेव्हा तुझा भाऊ हसला. आता टाकीच सांगतेय. त्या डेअरीच्या बाई रविवारी येतायत ना? येऊ देत. मी माझ्या तोंडाने सांगणार आहे."

"बाबा, तो बुडेल हो."

"लोकांची पोरं दूध पितात त्या टाकीतलं. माझ्या घरचा माणूस म्हणून मी झाकू?"

गोम अशी, की चुंबकराव लबाड नव्हते. लबाड माणसाशी भांडता येतं. हा माणूस मनापासून संशयी होता आणि आपण जगावर उपकार करतोय असं त्याला वाटत होतं.

सूनबाईने भावाला फोन केला. डागांचं त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घासणी लावलीस?"

"नाही रे."

"खरं सांग, ताई. लोखंडी घासणी लावल्याशिवाय हे होणार नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मग काय मी खोटा पत्रा लावला?"

मग भाऊ हळूच म्हणाला, "तुलाही तसंच वाटतं का?"

"छे! वेडा आहेस का?" ती म्हणाली. पण हे म्हणायला तिला जो अर्ध्या श्वासाचा उशीर झाला, तो तिचा तिलाच खटकला.

कारण मनात पाल चुकचुकली होती. काम बरेच दिवस नव्हतं त्याला. पत्रा महाग झालाय असंही मधे बोलला होता. लहानपणी त्याच्या हातून आईचं घड्याळ फुटलं होतं, तेव्हा त्याने ते इतकं बेमालूम चिकटवून ठेवलं होतं की आईला कळायला वर्ष गेलं. तेव्हा घरात सगळ्यांनी त्याच्या हाताचं कौतुक केलं होतं. आता तिला तेच घड्याळ आठवत होतं आणि कौतुक काही वाटत नव्हतं. स्वतःचा रागही येत होता, पण रागाने शंका जात नाही.

एका दुपारी चुंबकराव जेवून आडवे झाले. सदरा खुंटीला होता आणि खिशातून नाडी लोंबत होती. सूनबाईने घोरणं नीट ऐकून घेतलं. मग चुंबक काढला आणि पदराखाली धरून स्वयंपाकघरात आली. चोरी करतोय असंच वाटत होतं तिला. साखर एका परातीत ओतली, डबा पालथा केला आणि बुडाला चुंबक लावला. धरेना. तिने दाबून गोल फिरवला. धरेना. हायसं वाटून तिने तो बुडाच्या काठाकडे सरकवला, जिथे पत्रा वळून वर जात होता. तिथे चुंबक थबकला.

म्हणजे तेव्हासुद्धा? शिकाऊ असतानाही? बहिणीला द्यायच्या डब्यातसुद्धा? तिच्या मनात भावाबद्दल जे जे येऊ लागलं ते तिला ऐकायचं नव्हतं, म्हणून तिने नळ सोडला. डबा ओल्या फडक्याने पुसला, साखर भरली, झाकण त्या ठरावीक बाजूने बसवलं आणि डबा होता तिथे नळाशेजारी ठेवला. चुंबक पुन्हा खिशात गेला. चुंबकराव अजून घोरत होते.

शनिवारी दुपारी तिने टाकी धुवायला काढली. डाग निघाले तर निघाले, नाहीतर निदान ओघळ तरी पुसावेत. मऊ फडकं घेऊन ती कडेपासून घासत आली. कडेला नुसता राडा होता, ठिपक्यात ठिपका. मग समोरच्या सपाट अंगावर, छातीच्या उंचीला, एक सुटा डाग दिसला. छान वाटोळं कडं, मधे कोरं. कपाच्या बुडाचा उठतो तसा. "कुठेही कप ठेवतात मेले," ती सवयीने पुटपुटली आणि फडकं ओलं करून पुन्हा घासायला लागली.

मग तिचा हात थांबला. टाकीची भिंत उभी होती. उभ्या भिंतीवर कप कोण ठेवणार?

ती दोन पावलं मागे झाली आणि तिने पहिल्यांदाच सगळी टाकी एकदम बघितली. डाग गुडघ्यापासून खांद्यापर्यंत होते. खांद्याच्या वर, जिथे उंच माणसाचाच हात गेला असता, तिथे एकही नव्हता. चुंबकराव बुटके होते. तिने धावत जाऊन टॉर्च आणला आणि मागच्या फटीत मारला. तिथेही तीच मुरड, तोच सांधा, तोच पत्रा. आणि सगळं आरशासारखं स्वच्छ. फक्त तिथे दाढीवाला चुंबक धरलेला हात शिरत नव्हता.

घासणीचा कण जरी अंगाला राहिला तरी तो कण गंजतो. भावाने सांगितलं होतं. रोज संध्याकाळी गोदामातला कीस टाकीच्या अंगाला घासून घासून लागत होता आणि दवात गंजत होता. जिथे संशय तिथे चुंबक, जिथे चुंबक तिथे गंज. सूनबाई अंगणातच मटकन बसली आणि एकटीच हसत सुटली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आपण त्या पोरावर शंका घेतली, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सुटल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

घरात ती काही बोलली नाही. चुंबकरावांना आज सांगितलं तर उद्यापर्यंत ते दुसरी शंका काढतील याची तिला खात्री होती. तिने भावाला मात्र फोन केला. "उद्या ये."

"बोलणी खायला?"

"ये म्हणते ना. आत नको येऊस, दारात उभा राहा हवं तर."

रविवारी मॅनेजरबाई आल्या. उंच, मोजकं बोलणाऱ्या, बाही वर सरकवून थेट टाकीपाशी गेल्या. भाऊ खरंच अंगणाच्या दारात उभा राहिला, चपला न काढता. नवऱ्याने सगळ्यांसाठी खुर्च्या आणल्या आणि स्वतः पुन्हा खिडकीत जाऊन बसला. चुंबकरावांनी नवा सदरा घातला होता. साक्षीला आलेल्या माणसासारखे ते ताठ उभे होते.

"मुलगा माझ्या सुनेचा भाऊ आहे," त्यांनी सुरुवात केली. "तरी सांगतो. कडा चुंबकाला धरतात."

"वाकवलेल्या जागी धरतंच ते," बाई सहज म्हणाल्या. "आमच्या डेअरीतल्या सगळ्याच धरतात. त्याचं काही नाही."

चुंबकरावांच्या पायाखालची एक पायरी गेली. पण त्यांच्याकडे दुसरी होती. "आणि हा गंज? त्याचंही काही नाही?"

बाईंनी कडेवरून बोट फिरवलं, तपकिरी झालेलं बोट बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे मात्र वाईट आहे," त्या म्हणाल्या आणि दाराकडे वळून भावाला विचारलं, "हे काय?"

भाऊ बोटांनी पिशवीचा पट्टा कुरवाळत राहिला.

"बाबा," सूनबाई पुढे झाली. "तुमचा चुंबक जरा इथे लावा ना."

"इथे कशाला? सपाट आहे ते. इथे नाही धरत."

"नाही धरत तर धरून ठेवा हाताने. या डागावर."

चुंबकरावांनी चुंबक काढला आणि त्या सुट्या कड्यावर टेकवला. कडं नाहीसं झालं. चुंबक उचलला, कडं दिसलं. पुन्हा टेकवला. बाहेरची गोलाई तीच, मधलं भोक तेच. बाई वाकून बघत होत्या. त्यांनी चुंबक चुंबकरावांच्या हातातून घेतला, त्याची ताठ दाढी अंगठ्याने चुरडली आणि काळा कीस सगळ्यांना दाखवला.

"हे घेऊन रोज घासत होतात?"

"तपासत होतो," चुंबकराव म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"मागून बघा," सूनबाईने टॉर्च पुढे केला. "मागे बाबांचा हात पोचला नाही. तिथे एक ठिपका असेल तर मी बोलायचं सोडेन."

बाईंनी मागे बघितलं. मग भावाला म्हणाल्या, "वरवरचा असेल तर जायला हवा. घालवून दाखवा."

भाऊ आता आत आला. चपला काढून आला. "ताई, लिंबू आहे?" सूनबाईने लिंबू कापून दोन्ही फोडी आणून दिल्या. त्याने एक फोड त्या कड्यावर चोळली, थोडा वेळ तशीच राहू दिली, पुन्हा चोळली आणि फडक्याने पुसली. खाली कोरा, चकचकीत पत्रा होता. बाईंनी बाही खाली केली आणि "उद्या डेअरीत या, मापं घ्यायला," एवढंच म्हणून त्या निघाल्या. त्यांना दारापर्यंत पोचवायला चुंबकराव स्वतः गेले आणि तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टाकी खरी आहे. खोट माझ्यात होती." कबूल करायला हवं, असं म्हणायला छाती लागते.

स्वयंपाकघरात चहा उकळत होता. भाऊ ओट्याला टेकून उभा होता आणि खूप दिवसांनी त्याच्या तोंडाला खळ नव्हता. टाक्या केवढ्या असणार, माणसं किती घ्यावी लागणार, जागा पुरेल का. सूनबाई ऐकत होती आणि तिला वाटत होतं की हा असाच बोलत राहावा. उरलेली लिंबाची फोड त्याच्या हातात तशीच होती. ती त्याने बाजूला ठेवली आणि साखरेसाठी डबा ओढला.

"अजून वापरतेस हा?"

"रोज."

तो हसला. झाकण बसलेलं आहे ना बघितलं आणि सवयीने डबा डोक्याच्या वर उचलून त्याचं बूड बघितलं. पहिलं काम. तिरका सांधा. तो बघत राहिला. जरा जास्तच वेळ.

सूनबाईने त्याच्या नजरेच्या मागोमाग बघितलं. बुडावर, मधोमध, तपकिरी वाटोळं कडं होतं. मधे कोरं.

"काकांनी हाही तपासला वाटतं," भाऊ म्हणाला. तो अजून हसतच होता. "सोडलं नाही कशालाच."

"हो ना," ती म्हणाली. शब्द तोंडातून कसा निघाला तिला कळलं नाही. "बाबांचं तुला माहीतच आहे."

"माझं काय?"

चुंबकराव उंबऱ्यात उभे होते. इतक्या वर्षांनी ते स्वयंपाकघरापर्यंत आले होते, स्वतःच्या हाताने भावाला चहाला बाहेर बोलवायला. त्यांनी उंबरा ओलांडला, डबा भावाच्या हातून घेतला आणि लांब धरून नीट बघितला.

"नाही बुवा," ते प्रामाणिकपणे म्हणाले. आज त्यांना सगळंच खरं बोलायचं होतं. "मी नाही हा तपासला. हा डबा मी आज पहिल्यांदाच बघतोय."

मग त्यांनाही ते कडं दिसलं. त्यांनी सुनेकडे बघितलं, गळ्यातल्या चुंबकाकडे बघितलं. पण ते "अच्छा" म्हणाले नाहीत. डबा हळूच ओट्यावर ठेवला आणि खाली मान घालून बाहेर गेले.

चहा उतू जाऊन गॅस विझला. सूनबाईला खूप काही सांगायचं होतं. एकदाच रे. एकाच दुपारी. मला खरं तर वाटत नव्हतं. पण यातलं काहीही म्हटलं तरी कडं तिथेच राहणार होतं. भावाने गॅस बंद केला. फडकं घेऊन त्याने डब्याखालची ओली जागा कोरडी केली आणि उरलेली लिंबाची फोड डब्याशेजारी ठेवली.

"हे चोळ, ताई. निघून जाईल," तो म्हणाला आणि चपला घालायला गेला.